उलटी बाजू वर

हळकुडे सरांनी भूमितीची वही हातात दिली
तेव्हा एप्रिल सरत होता. पाच्छा पेठेत
दुपारचा पत्रा नुसत्या उन्हानं वाजायचा.
दोनशे बारा पानं, शाईच्या पेनानं,
समासात मधूनमधून कानडी:
स्वतःलाच दिलेल्या ताकिदी.
म्हणाले, "अंबुजा, एकच सांगतो,
वर्गमुळाचं छप्पर आतल्या सगळ्या आकड्यांना पुरलं पाहिजे."

पानं लावणारी आज्ञावली माझ्याकडे होती.
अडलं होतं ते, आज्ञा लिहायच्या कशात, यावर.

पहिल्या एडिटरला सगळं माझ्याआधी ठाऊक.
'त्रि' लिहिलं की तो 'त्रिकोण' पुढे करी,
मला त्रिज्या हवी असताना.
लग्नाच्या पंगतीत आडवा हात धरला तरी वाढणाऱ्यासारखा.

दुसरा म्हणजे काळा पडदा. माऊसला विचारत नाही,
दर कामाला वेगळी बोटांची गाठ.
त्यातून बाहेर कसं पडायचं तेच सापडेना;
शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं.

तिसरा जोडाक्षर आलं की ठेचकाळायचा.
कर्सर उभा दिसायचा 'क्ष'च्या पुढे
आणि खोडायचा मागचं.
'ऱ्हस्व' लिहिलं त्या संध्याकाळी त्यानं
तीन रिकाम्या चौकटी काढून दाखवल्या.
मी त्याला दोष देत नाही. आमचं आडनाव म्याकल,
रेशनकार्डावर ते आजवर चार प्रकारे आलंय.

चौथ्यावर मी भाळले.
डावीकडे लिहा, उजवीकडे लगेच छापल्यासारखं पान!
ओळ जरा लांबली की शब्द बदलला,
आकृती केसभर सरकली की परत ओढली.
आठ दिवस झाले.
अडीच पानं झाली.

नाना चहा घेऊन आले आणि उभेच राहिले.
चाळीस वर्षं चादरीच्या जकार्डचे पत्ते पंच केले त्यांनी,
पुठ्ठ्याला भोकं, भोकांचा मोर.
"हे डावीकडचं काय?"
म्हटलं, नुसतं सांगणं. पान असं दिसू दे म्हणून.
"म्हणजे पत्ते," नाना म्हणाले,
"आणि उजवीकडे कापड. दोन्ही एकदम?"

मग सांगितलं, आधी कधी न सांगितलेलं:
काही चादरी मागावर उलट्या चढायच्या,
उलटी बाजू वर, चांगली खाली.
खिशात दाढीचा आरसा असायचा विणकराच्या.
वीतभर झालं की खाली धरायचा, मोर बघायचा,
आरसा परत खिशात.

"आणि सारखाच धरला तर?"
"मग धोटा कोण बघणार?"
कप उचलून गेले.

त्या रात्री उजवी बाजू मिटली.
एक साधासा एडिटर घेतला, बिनरंगाचा,
त्याला एवढंच येतं: महिरपी कंस उघडा राहिला
की त्याच्या जोडीदारापाशी एक ठिपका लुकलुकतो.
रोज चाळीसेक ओळी, मग एकदा आरसा.
शेजारचे माग थांबले की कळायचं लाइट गेली,
बॅटरी पुरेल तेवढं लिहायचं,
पडद्याच्या उजेडात घाम टिपत.
अकराशे चौऱ्याऐंशीव्या ओळीत एक तार तुटली
आणि अख्खं पुस्तक उठायला तयार होईना.
सापडला तेव्हा तो एक पूर्णविराम होता, नको तिथे.

जूनमध्ये सरांना पानं नेऊन दिली.
कशात लिहिलं ते सांगायला लागले,
त्यांनी चष्मा पुसला. ऐकत नव्हते.
सदुसष्टाव्या पानावर बोट थांबलं.
छप्पर शेवटच्या आकड्यावर पोचलं नव्हतं.
कंस मीच एक घर आधी मिटला होता,
एडिटर बिचारा गप्प, त्याच्या लेखी जोडी जुळलेली.

"हा आकडा पावसात भिजेल," सर म्हणाले.
मी म्हटलं, सोलापुरात आहे, फारसा नाही भिजायचा.
"पुस्तक बाहेरगावी जातं," ते म्हणाले,
आणि पान माझ्याकडे परत सरकवलं.