तक्रार नाही

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्हाला गावात सोडतात,
सात आठवडे, दोघीदोघींच्या जोडीनं,
एक वजनकाटा, एक रक्तदाबाचा पट्टा
आणि बेचाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म.
माझी जोडीदार सेलासी. ती व्होल्टाकाठची,
आमची दाग्बानी तिला ओ की ठो कळत नाही.
पट्टा ती बांधायची, प्रश्न मी विचारायची.
हरमाटनची धूळ त्या पट्ट्यात इतकी भरलेली
की तो चिकटेचना; शेवटी तिनं
स्वतःच्या केसांची रिबन गुंडाळली त्यावर.

आमच्या उत्तरेत माणूस भेटलं की आधी तब्येत विचारतात.
झोप कशी झाली? लाफी.
घर? लाफी.
पोरं? लाफी. नवरा?
(नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली)
तरी लाफी.
लाफी म्हणजे बरं, म्हणजे सुखरूप,
म्हणजे आत या, बसा, आधी पाणी प्या.
सेलासीला एवढा एकच शब्द समजला
आणि तिनं तो इमानेइतबारे रकान्यात उतरवला:
तक्रार नाही. तक्रार नाही. तक्रार नाही.
सत्तावीस घरं.

बुधवारी सर मोटरसायकलवरून आले,
फॉर्म चाळले, चष्मा कपाळावर चढवला.
"म्हणजे या गावात कुणी आजारीच नाही?
मग दवाखाना बंद करू, तिथे कोंबड्या पाळू."
सेलासी हसली. मी नाही.
मला पहिल्या सत्रातला पेपर आठवला,
'निरामय असणे म्हणजे काय? गुण पाच.'
मला साडेचार पडले होते.

दुसऱ्या दिवशी फॉर्म खोलीवरच ठेवला.
म्मा सानातूच्या अंगणात कडुलिंबाखाली बसले,
तिच्या टोपलीतल्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या.
झोप? लाफी. घर? लाफी.
शेंगा फुटत राहिल्या. एक गिनी कोंबडी
दोनदा येऊन टरफलं उधळून गेली.
मग तिनंच मला विचारलं,
तुझी आई? तुझा अभ्यास? तुझी ती मुकी मैत्रीण?
लाफी, म्हटलं. लाफी, लाफी.
त्यानंतर बराच वेळ कुणीच काही विचारलं नाही.
बेचाळीस प्रश्न माझ्या घशाशी येऊन उभे,
मी एक शेंग उगाच दाताखाली धरून बसले.

"चुलीवर फुंकर घालायला वाकते ना,"
ती टोपलीकडे बघतच म्हणाली,
"तेव्हा हे अंगण उलटं होतं.
पेरणीपासून चाललंय. सुनेला सांगू नकोस,
ती मला चुलीशी बसू द्यायची नाही."

एकशे अठ्ठ्याऐंशी, खाली एकशे दहा.
सेलासीनं दोनदा मोजलं, रिबन सोडून, पुन्हा बांधून.
काय म्हणतंय तुमचं यंत्र?
म्हणतंय, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल.
सुनेला मी शब्दानं काही सांगितलं नाही,
पण सकाळी सहाला दारात तीनचाकी फटफटत उभी राहिली
तर गावात काय लपतं?

फॉर्ममध्ये शोधलं.
चुलीपासून उठवलं जाण्याची भीती,
असा रकाना नव्हता.
समासात लिहिलं, तिरकं, बारीक अक्षरात,
सरांनी वाचलं की नाही माहीत नाही.

त्या रात्री आईचा फोन आला, तमालेहून.
वुनपिनी, कशी आहेस?
लाफी.
जेवलीस? लाफी.
तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता माझा,
आकडेशास्त्राची फेरपरीक्षा डोक्यावर,
आणि पाठीत काहीतरी अडकल्यासारखं.
लाफी, म्हटलं मी पुन्हा.
आई काही बोलली नाही, ठेवलाही नाही.
कॉलेजचं तोंड न पाहिलेली माझी आई
फोनच्या त्या टोकाला नुसती बसून राहिली,
मागे कुणाचं तरी रेडिओवरचं फुटबॉल,
आणि तिच्या फोनमधले पैसे
संपत चाललेले.