चार कट्टे

फ्रिजवरच्या वेळापत्रकात
पाण्याला जागाच ठेवली नव्हती मी.
ते आलं पाचव्या दिवशी, रात्री पावणेतीनला.
साडेपाचचा गजर वाजला तेव्हा
मी पिंपच भरत होते.

विडी घरकुलात, आमच्या भिंतीपलीकडे
नरसव्वा येमूलकडे घड्याळ आहे. बंद.
लग्नात आलेलं, म्हणून टांगलेलं.
तिचा वेळ सुपात असतो:
एका कट्ट्यात भात शिजतो,
दोन कट्ट्यांत नातू शाळेतून येतो,
ताप आला की म्हणते,
"पाचशे विड्या गेल्या गं माझ्या."

"एवढं सगळं बसवतेस कसं?"
कातर थांबली नाही.
"बसवतंय कोण? पानं तेवढी रात्री भिजवते.
सकाळी कोरडं पान वळायला गेलं
की फाटतंय बघ."

त्या रात्री मी डब्यात
कडक भाकरी न् शेंगाचटणी भरून ठेवली.
स्कूटीची किल्ली खिळ्याला.
वेळापत्रकात पाण्यापुढे
नुसतं प्रश्नचिन्ह.

सकाळी बँकेत तरी उशीरच झाला,
सात मिनिटं.

रविवारी तिच्या उंबऱ्यावर बसले.
किती वेळ, कोण जाणे.
उठताना तीच म्हणाली,
"चार कट्टे बसलीस.
चहा धरून."