एकेचाळीस मनगटं

माझ्या पडद्यावर एकेचाळीस मनगटं आहेत.
चेहरे मागाहून येतात, कधी येतही नाहीत;
आधी येतात ठोके.

हाप्सालूच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला पाठ लावून मी बसते
आणि समुद्रापलीकडच्या बेटांवरची म्हातारी माणसं
एकेक करून जागी होताना बघते.
हेल्डुर: साखर सहा पूर्णांक दोन. शाब्बास.
आइनो: रक्तदाब चढा,
कालच्या खारवलेल्या मासळीची चुगली.
ओस्वाल्डचे नव्वद ठोके, आणि पावलं मोजता येईनात.
फोन लावला तर म्हणाला,
घड्याळ मेंढ्याच्या पायाला बांधलंय,
बघत होतो तुझ्या लक्षात येतं का.
स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसला.
तो खोकलाही मी लिहून ठेवला.

समुद्र धड पाणी नाही, धड वाट नाही
असे काही आठवडे असतात आमच्याकडे.
फेरी बंद, बर्फावर गाडी घालायची छाती नाही कुणाची.
तेव्हा मनगटाखालचा हिरवा उजेड तेवढा
कातडीला लुकलुकून विचारत राहतो,
आहेस ना?

वाइकेनं आधी घड्याळ परत पाठवलं होतं.
‘आमच्या वेळी भिंतींना कान होते,
आता तुम्ही ते हातात बांधायला देताय?’
मग सरपणाच्या खोपीत पडली,
दोन तास छताच्या फळ्या मोजत.
सत्तेचाळीस, तिनं मला सांगितलं, आणि एक कुजकी.
त्यानंतर काही न बोलता बांधलं.
नातवानं बाण काढून दिलेला कागद फ्रिजवर लावला.
आता दर मंगळवारी टॅब्लेट असा धरते
की मला दिसतं तिचं कपाळ
आणि मागच्या भिंतीवरचा लाकडी मासा.
गोळ्यांचा रंग विचारते. माझं लग्न ठरलं का, तेही विचारते.

तिचा आलेख मला झोपू देईना.
रोज रात्री तीन वाजून दहा मिनिटं,
छप्पन्नवरचे ठोके नव्वदला.
वीस पावलं. थांबा. वीस पावलं.
अडतीस रात्री अशाच.
डॉक्टर म्हणाले लघवीचा त्रास असेल, गोळीची वेळ बदला.
बदलली. काही फरक नाही.

मी विचारलं. कपाळ हललं नाही.
मग मासा दिसेनासा झाला, कारण पहिल्यांदाच
तिनं टॅब्लेट नीट समोर धरला.
‘एंडेल या वेळेला जाळी काढायला निघायचा.
मी दाराची कडी काढते. बघते. लावते.
अकरा वर्षं झाली.
हे आजारात धरतात का?’

आमच्या तक्त्यात कारण निवडावं लागतं:
वेदना, खोकला, लघवी, इतर.
‘इतर’पुढे वीस अक्षरांची जागा.
मी लिहिलं, दाराशी जाते.
आणि तिला म्हटलं, ते लोकरी मोजे घसरतात, वाइके.
बूट घाल. दिवा लाव.

‘दिवा लावला तर बाहेरचं दिसत नाही,’ ती म्हणाली.
‘बूट घालीन.’

काल रात्री वीसच्या जागी सव्वीस पावलं.
मी सकाळी कोट न काढताच फोन लावला.
‘बरी आहे गं. पायात बूट होते ना,
म्हटलं पायरी उतरून बघावं.
काय चांदणं पडलं होतं!
ते येतं का तुझ्या त्या पडद्यावर?’

नाही येत, मी म्हटलं,
आणि खिडकीपाशी गेले.
साडेसात वाजले होते. बाहेर अजून रात्रच होती.