पुरवणी

मुलाखत मंगळवारी, साडेअकराला, रत्नागिरीत,
मुळ्ये आणि साळवी यांच्या ऑफिसात.
जागा एकच, शिकाऊ वकिलाची.
आठ दिवस मी नाटे बंदराच्या जेटीवर
जाळी शिवणाऱ्या कादिरचाचांना
प्रश्न विचारायला बसवलं.
दातांत सुतळी धरून ते वाचायचे,
"तुमची सगळ्यात मोठी कमजोरी काय?"
आणि मी सुरू झाले की म्हणायचे,
"आवर गं, बोंबील वाळेल तोवर."

"हीच फर्म का?" याची चार उत्तरं तयार होती.
पाचवं खरं होतं:
सकाळी जायला एस.टी. आहे,
संध्याकाळी परत यायला.
ते वहीतच ठेवलं.

अम्माने कोटाला इस्त्री केली,
त्याआधी कॉलरवर अंगठा फिरवून पाहिला,
खवल चिकटलंय का.
एक होतंच.

साळवी मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
पंचवीस मिनिटं सगळं जमत गेलं. मग,
"समजा, एकाने जमिनीचा करार केला,
पैसे दिले, ताबा घेतला. नोंदणी केली नाही.
मालक उठवायला आला.
कलम त्रेपन्न-अ वाचवेल त्याला?"
"वाचवेल," मी म्हटलं. एका दमात.
त्यांनी पेन्सिलीने काहीतरी बारीकसं लिहिलं.
"ठीक. कळवू."

भाट्ये गेलं, गोळप गेलं, पावसला जागा मिळाली.
पूर्णगडच्या पुलावर कंडक्टरने सुट्टे मागितले
आणि पाकिटात हात असतानाच आठवलं:
दोन हजार एकची दुरुस्ती.
नोंदणी नाही, तर त्रेपन्न-अ नाही.
दुसऱ्या वर्षाला पाठ होतं.
मला येत होतं हे.

मग तोंडातून तसं का गेलं?

आमच्या घरामागे खळं आहे, मासे सुकवायचं.
अब्बांनी घेतलं दोन हजार सातला,
शंभराच्या स्टॅम्पवर, साक्षीदार दोन,
त्यातल्या एकाचा अंगठा.
नोंदणीला जायचं होतं, पण हंगाम होता,
मग होडीचं इंजिन गेलं,
मग राहिलंच.
मॅडमनी कायदा विचारला,
मी खळ्याच्या बाजूने बोलले.

आभाराचं पत्र चोवीस तासांत पाठवावं,
असं कॉलेजात सरांनी सांगितलेलं.
"आपल्या बहुमोल वेळाबद्दल" लिहिलं, खोडलं.
"आपल्या फर्मच्या उज्ज्वल परंपरेत" तेही खोडलं.
रात्री दीडला एवढंच उरलं:
मॅडम, मी चुकीचं उत्तर दिलं.
करार नोंदवलेला नसेल तर हे कलम लागत नाही.
त्या माणसाने करारपूर्तीच्या दाव्याचा विचार करावा,
मुदत तपासून.
आपली, तबस्सुम होडेकर.
'मुदत' लिहिताना बोट थोडं थांबलं.
मग पाठवलं.

पाच दिवस. नऊ दिवस.
मोबाइल कंपनीची ऑफर, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका.
"पुन्हा विचारू का त्यांना?"
चाचा म्हणाले, "डोल लावल्यावर
दर पाच मिनिटांनी उचलून बघतो का आम्ही?"
थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले,
"पण भरती उलटली की उचलायला लागते."
तेव्हा दोन ओळींची आठवण पाठवली.
उत्तर अजून नाही.

काल जेवणं झाल्यावर म्हटलं,
अब्बा, खळ्याचा तो कागद दाखवा.
त्यांनी हात धुतले, लुंगीला पुसले,
खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली.
प्लास्टिकच्या पिशवीची गाठ
नखाने सोडवत बसले बराच वेळ.
"बघ. पक्का आहे ना?"

कोट नव्हता अंगात. पुढे पूल नव्हता
ज्यावर नंतर काही आठवलं असतं.
मी वाचलं, उलटून मागची बाजू वाचली,
अंगठ्याची निळी शाई पाहिली,
आणि विचारलं,
मालकाचा मुलगा
हल्ली कुठे असतो?