ना-देय

एक पानी फॉर्म. वर छापलंय : श्री. / सौ. / कु., नको ते खोडा.
मी काहीच खोडलं नाही.
खाली दहा खात्यांच्या सह्या.

ग्रंथालय : काही येणे नाही.
वसतिगृह : तिथे मी कधी राहिलेच नाही, तरी सही लागते.
क्रीडा विभाग : सर जेवायला गेलेत.
सहा वर्षांत त्यांचा चेंडूसुद्धा उचलला नव्हता मी,
पण पाऊण तास बसले दाराशी
कबड्डीच्या विजेत्या संघातले गुडघे मोजत.

भांडारात एक चंचुपात्र कमी भरलं, अडीचशे मिलीचं.
"फुटलं असेल."
"फुटल्याची नोंद हवी ना, मॅडम."
एकशे ऐंशी रुपये भरले, पावती घेतली.
माझ्या फेलोशिपचे अकरा महिने
कुठल्या टेबलावर फुटले,
त्याची नोंदवही मागितली नाही.

सरांनी विचारलं होतं, "लग्न ठरलंय का?"
"नाही."
"मग?"
या 'मग'ला माझ्याकडे एकही संदर्भ नव्हता.

सर वाईट नाहीत. घरीही मी हेच सांगते.
परिषदेत माझे तक्ते दाखवताना म्हणाले, "आमच्या मुलींचं काम."
मग पुष्पगुच्छही मुलींकडेच आले,
मुलींना रंगसंगती कळते.
पाहुण्यांसोबत जेवायला भूषण.
(भूषणही गेला मार्चमध्ये, वडिलांच्या ट्रॅक्टरच्या शोरूमवर.
जाताना त्याला कुणी 'मग?' विचारलं नाही.)

संघमित्रा तलाठी झाली.
नाजनीन दुसऱ्या बाळासाठी गेली, येते म्हणाली.
तिचा एप्रन अजून खिळ्याला आहे,
खिशात खारे शेंगदाणे, आता मऊ पडलेले.

मी तासिका तत्त्वावर तीन कॉलेजं करायचे,
पंचवटी, सातपूर, परत गंगापूर रोड,
स्कूटीच्या डिकीत उत्तरपत्रिका आणि डबा.
मे महिन्यात पगार नाही, कारण मे महिन्यात तास नसतात.
पोट असतं.

शेवटी प्रयोगशाळा.
फ्रीजचा खालचा कप्पा माझा.
मोहाडीच्या बागेतला करपा, दिंडोरीचा करपा,
ओझरच्या एका बाईंनी
"ने बाई, सगळाच ने" म्हणत दिलेल्या पिशवीभर पानांतला.
बेचाळीस नळ्या, प्रत्येकीवर माझं अक्षर,
आधी गोल, मग घाईचं.
करपा काचेत किती देखणा वाढतो
हे बागाईतदाराला सांगायची सोय नाही.
आधी पांढरा, मग राखी, मग मधोमध केशरी थेंब.
महिन्या-महिन्याला त्याला नवं अन्न द्यावं लागतं.
आई दवाखान्यात होती तेव्हाही
रात्री दहाला येऊन देऊन गेले होते.

रंगनाथमामांनी ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं.
"सगळ्याच?"
"कप्पा नव्या मुलीला हवाय."
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
वाफेला उकडलेल्या बटाट्याचा वास होता,
आगरमध्ये बटाटाच तर असतो.
"घरच्यासारखं वाटतं," मामा म्हणाले,
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

सोमवारपासून पिंपळगावला.
निर्यातीच्या द्राक्षांत औषध किती उरलं ते मोजायचं.
पगार एक तारखेला.
एक तारखेला, हे मी आईला दोनदा सांगितलं.

फॉर्मच्या तळाशी अकरावी सही माझी :
'माझे संस्थेकडून काही येणे नाही.'
पेन चालेना. झटकलं, तरी चालेना.
दारात नवी मुलगी उभी होती, बॅग पोटाशी धरून.
तिनं तिचं दिलं.

तिला काय काय सांगायचं होतं.
म्हटलं, फ्रीजचं दार नीट लागत नाही,
गुडघ्यानं दाबायचं.