दोन आणि चार नंबरची खाच

बाहेर सेहेचाळीस. मॉनिटरच्या कोपऱ्यात पंच्याण्णव.
माझा जुना प्रोसेसर
मे महिना पोटात घेऊन बसलेला.
शत्रू दारातून येतो, गोळी झाडतो, निघूनही जातो,
आणि मग माझं चित्र हलतं.
मेल्यावर कळतं, दार उघडलं होतं.

बदलायचा ठरवला.
फक्त प्रोसेसर, असं मी म्हणाले होते.
पॅथॉलॉजी लॅबमधल्या नाइट शिफ्टा,
लोकांचं रक्त गरगर फिरवून साठवलेले एक्केचाळीस हजार,
वहीच्या मागच्या पानावर उभी बेरीज.

बर्डीत, दुसऱ्या मजल्यावर, पौनीकरांचं दुकान.
जिन्यात टोनरचा वास, काउंटरवर अर्धं प्यालेलं पन्हं.
"हा घ्याल तर तुमच्या बोर्डावर बसत नाही, ताई.
बोर्ड बदला.
बोर्ड बदलला, का ही रॅम बसत नाही."
त्यानं दोन पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या.
खाच सरकली होती.
नखाच्या पांढऱ्या कडेएवढी.
एवढ्याशा सरकण्याचे किती, ते मी विचारलं.
"आज विचारता का उद्या? रॅमचा भाव म्हणजे
कळमन्यातली मिरची."

मग आवाज उतरवून, जणू सोयरीकच सुचवतोय:
"नाहीतर जुन्याच बोर्डावर चालणारा आहे एक,
वापरलेला, पण दमदार. पंधरात काम होते.
फक्त, तो रस्ता तिथंच संपते."

रात्री ताटात भाकरी तशीच.
"काहून? तोंड पाडून काहून बसली?"
बाबांना काय सांगणार, तरी सांगितलं:
सॉकेट, पिना, सरकलेली खाच.
ते वरण ओढून घेत म्हणाले,
"म्हंजे फणी."
मी थांबले.
"फणी बारीक घेतली, का जुनं जाडं सूत शिरत नाही तिच्यात.
सूत बदल. सूत बदललं का धोटा बदल.
मले काय सांगतेस."
"मग तुम्ही काय केलं?"
"काही नाही. जुन्याच फणीवर इनत रायलो."
ज्या जागी माग होता
त्या जागी आता माझं टेबल आहे.
बाबा तिकडे पाहत नव्हते. लिंबू पिळत होते.

सकाळी पुन्हा बर्डी.
आठ कोर नाही, सहा.
बोर्ड बिनदिव्यांचा, बिनवायफायचा,
केबल भिंतीवरून खिळे ठोकत आणीन.
रॅमच्या दोन पट्ट्या.
दोन खाचा रिकाम्या, पुढच्या शिफ्टांच्या नावानं.
खिशात उरले दोनशे दहा. त्यातले तीस
तर्री पोह्यांना, उभ्या उभ्या.

रात्री साडेअकरा. चादरीवर स्क्रू, बाबांचा चष्मा, टॉर्च.
सॉकेटची दांडी दाबताना कर्र वाजतं.
वाजतंच, असं पुस्तिकेत लिहिलंय.
तरी दोघांनी श्वास धरला.
पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी.
पट्ट्या दोन आणि चार नंबरच्या खाचेत,
एक आणि दोन नाही. हे बाबांनी वाचून दाखवलं,
इंग्रजी अक्षरं एकेक लावत, पास झाल्यासारखे.

बटण.
पंखे फिरले. स्क्रीन काळी.
रॅमशेजारी एक पिवळा ठिपका, लागून राहिलेला.
एक मिनिट. दोन.
"गेले का पैसे?"
"नाही बाबा. पहिल्यांदा सुरू होताना
मेमरी बोर्डाशी जुळवून घेते. मधे बंद करायचं नसतं."
"शिकून रायली म्हन ना."
मी मान हलवली. आज फक्त लाइट जाऊ नये.

बाबा खाटेवरून उतरून खाली बसले, माझ्या बाजूला,
काळ्या काचेत आमची दोघांची तोंडं.
"थांब मंग. नवा ताना लावला
का पयला हात मारेपर्यंत असंच रायते."

खिडकीत कुलरमधलं पाणी संपलं,
मोटर कोरडी खरखरायला लागली.
बादली दारातच होती.
कोणी उठलं नाही.