आवाज बघायला गेलो तेव्हा

वसमतच्या मोंढ्यामागं, हळदीच्या आडतींना लागून
खदीरभाईचं दुकान.
तिथल्या प्रत्येक स्पीकरच्या जाळीवर
पिवळी भुकटी बसलेली.
डबा सुरू केला की आधी ती उडते,
गाणं येतं मागून.

लग्न माझंच आहे, वैशाखात.
तरी स्पीकर मीच बघायला आले,
कारण गजूवर सोडलं असतं तर त्यानं
अठरा डब्यांची भिंत उभी केली असती
आणि हळद लागताना माझ्या बरगड्या वाजल्या असत्या.

खदीरभाईनं तीन काढले.
पहिल्याला चाकं, बॅगेसारखा दांडा,
कडेनं निळे-जांभळे दिवे पळणारे.
गजू तिथल्या तिथं लग्न लावून मोकळा झाला त्याच्याशी.
दुसरा उभा, सडपातळ.
"नांदेडचे हॉलवाले हाच नेतात,
शरबत-स्टार्टरच्या टायमाला.
पाव्हणे उभ्यानं बोलतात, मागून हळू सतार."
आमचे पाव्हणे उभ्यानं बोलत नाहीत.
सावली बघून बसतात
आणि पंगत कधी, तेवढं विचारतात.
तिसरा पाटीएवढा, काळा, कडी जरा ढिली.
बघण्यासारखं काही नव्हतं त्यात.

"हॅलो, चेक, चेक," गजू तिन्हींत म्हणाला.
तिन्हींतून गजूच निघाला, थोडा मोठा.
अण्णा स्टुलावर बसलेले,
एप्रिलच्या उन्हात गळ्याला मफलर.

पंधरा गावांत लग्नाचा माईक म्हणजे मारोतअण्णा.
नवरीचे मामा, असाल तिथून यावं.
बावीस एकवीस नंबरची गाडी
टँकरच्या वाटेत आडवी आहे, काढून घ्यावी.
लाल फ्रॉकची मुलगी सापडली आहे,
नाव सांगत नाही, लाडू खाते.
वाढप्यांनी वरण घेऊन डाव्या पंगतीकडं बघावं.
आई म्हणायची, ह्या माणसाला कानात बोलता येत नाही.

आता तेवढंच येतं.
लातूरला ऑपरेशन झालं, श्रावणात दोन वर्षं होतील.
उरला तो आवाज पोत्यावरून पोतं ओढल्यासारखा.
ते बोलायला लागले की घरात
कुणी भांडं हलवत नाही.

मी माईक त्यांच्या हातात दिला.
चाकाच्या डब्यात अण्णा बुडाले, नुसती घुमघुम.
उभ्या डब्यातून फुसफुसले,
हवा गेलेल्या ट्यूबसारखे.
गजू रस्त्याकडं बघायला लागला.
मग तो काळा. खदीरभाईनं एक बटण खाली ओढलं, एक वर.
"चाचा, ओठाला लावून धरा. जोर नका लावू.
जोर डबा लावतो."

अण्णांनी श्वास घेतला. तोही ऐकू आला.
"जिंतूरचे पाव्हणे आले असतील
तर पुढं येऊन बसून घ्यावं."

बाहेर पाठीवर पोतं घेतलेला हमाल थांबला.
दारातून वाकून म्हणाला,
"आलोय की. कुठं बसू?"

अण्णा हसले. हसणं डब्यातून आलं,
खरखरीत, पण पुरतं.

"हाच," मी म्हणाले.
"ताई, ह्याच्यावर नाचता येणार नाही बघ."
"तू नाच. ढमढम तोंडानं कर."

साडेनऊचा आठ हजार आठशेला सुटला,
माईकची टोपी फुकट.
बॅटरी किती चालती? सहा तास.
मुहूर्त बारा पस्तीसचा,
म्हणजे आपल्याकडं अडीच,
खदीरभाईनं बोटांवर मोजलं
आणि न विचारता पिशवीत एक लांब वायर टाकली.

टमटममध्ये डबा माझ्या मांडीवर,
माईक अण्णांच्या खिशात. बंद करायचा राहिलेला.
औंढ्याच्या फाट्यापर्यंत
खिशातली चिल्लर, सदऱ्याचं खसखसणं, त्यांचा श्वास
रस्त्याला ऐकू जात होतं.
समोरची बाई म्हणाली,
"तुमचं काहीतरी चालू राहिलंय बघा."

हाव, मी म्हणाले. माहीत आहे.